हत्यारी पथक गावात येते तेव्हा



पऱ्हाटीवरची बोंडअळी, तुरीवरची मर, खताची मात्रा, अशा विषयांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय वावरातला नाही, पण वावरात जाणाऱ्या प्रत्येक माणसाशी त्याचा संबंध आहे. गावात संकट येते, ते ठाण्याच्या नेहमीच्या पोलिसाला किंवा वनरक्षकाला आवरत नाही, आणि मग बाहेरून बंदूकवाले खास पथक येते. हे पथक कोण असते, ते कशासाठी येते, त्याच्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे आपल्या पांढरकवडा भागातील माणसांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. २०१८ साली आपण ते डोळ्यांनी पाहिले आहे. पण पाहिलेल्या गोष्टीचा विचार करायला त्या वेळी कोणाला सवड नव्हती. आता ती आहे.

खेड्यात पोलीस म्हटला की आपल्याला बीटचा जमादार आठवतो. तो मोटारसायकलवर येतो, पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसतो, चहा घेतो, बांधाचे भांडण असले तर दोघांनाही दोन शब्द सुनावून जातो. त्याच्या कमरेला फार तर काठी असते. खास पथकाचे तसे नाही. डोक्याला टोप, अंगात जाड जाकीट, हातात भारी बंदूक, आणि तोंड ओळखीचे नाही. प्रत्येक जिल्ह्यात दंगल नियंत्रण पथक असते, शीघ्र प्रतिसाद पथक असते. बंदोबस्त मोठा असला की राज्य राखीव पोलीस बलाच्या तुकड्या मागवतात. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००९ साली 'फोर्स वन' हे दल उभे राहिले, पण ते मुख्यतः शहरांसाठी. जंगलात वाघांच्या राखणीसाठी वनखात्याचे विशेष व्याघ्र संरक्षण दल निराळे. नावे अनेक असली तरी काम एकाच जातीचे: थोडी माणसे, चांगले शिक्षण, मोठे हत्यार आणि एक ठरावीक काम.

एक ठरावीक काम, हे शब्द लक्षात ठेवा. सगळी गोम तिथेच आहे.

बोराटीच्या शिवारातले ते दिवस

टिपेश्वर अभयारण्य आपल्या उशाशी आहे. तिथले वाघ वाढले, जागा पुरेना, आणि काही वाघ अभयारण्याबाहेरच्या झुडपी जंगलात आले. त्यांतली एक वाघीण, वनखात्याच्या दप्तरात टी-१ आणि वर्तमानपत्रांत 'अवनी'. राळेगाव, केळापूर आणि मारेगाव तालुक्यांच्या सीमेवरच्या गावांत जून २०१६ पासून ऑगस्ट २०१८ पर्यंत तेरा माणसे वाघाच्या हल्ल्यात गेली आणि तो दोष या वाघिणीवर आला. पहिला बळी बोराटीच्या शिवारात, आपल्याच कापसाच्या वावरात गेलेल्या एका वयस्क बाईचा. ऑगस्ट २०१८ या एकाच महिन्यात तिघे गेले. बहुतेक सगळे शेतकरी, मजूर, गुराखी.

बाहेरच्या माणसाला तेरा हा आकडा वाटतो. इथल्या माणसाला त्याचा अर्थ निराळा होता. डवरणीला गडी मिळेना. ढोरे गोठ्यात उभी राहिली, चारा विकत आणावा लागला. जागलीला कोणी जाईना, म्हणून रानडुकरांनी पीक लोळवले. बाया वेचणीला एकट्या जाईनात. दहा जणींचा घोळका जमेपर्यंत दिवस वर यायचा आणि पाचच्या आत परतायचे, म्हणजे मजुरी पूर्ण आणि कापूस अर्धा. त्याच्या आदल्याच हंगामात, २०१७ साली, बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली होती आणि फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली होती. अशा घरांवर हे तिसरे संकट. तेव्हा त्या गावांतून "मारून टाका तिला" असा आवाज उठला, तर शहरातल्या माणसांनी त्यांना निर्दय म्हणण्याचे कारण नव्हते.

सप्टेंबर २०१८ मध्ये वनखात्याने आदेश काढला. वाघिणीला बेशुद्ध करून पकडावे, ते जमले नाही तर मारावे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. मग आपल्या शिवारात जत्रा भरली. दीड-दोनशे माणसे, शंभराच्या आसपास कॅमेरे, ड्रोन, हत्ती, शिकारी कुत्रे, आकाशात उडणारे इंजिनाचे छत्र, अन् वाघिणीला भुलवायला विलायती अत्तरसुद्धा! हैदराबादचा नामांकित शिकारी आला. गावोगावी चर्चा एकच.

आणि हाती काय लागले? पहिले कित्येक आठवडे काहीच नाही. ऑक्टोबरच्या आरंभी मोहिमेतला एक हत्ती साखळी तोडून सुटला आणि चहांद गावची एक तरुण बाई त्याच्या पायी गेली. जीव वाचवायला आणलेल्या साधनानेच जीव घेतला. हत्तींना परत पाठवावे लागले. वाघीण आपले दोन बछडे घेऊन नाल्यानाल्यांतून फिरतच राहिली. माणसे, मोटारी आणि आवाज जितके वाढले तितकी ती सावध झाली, यात नवल काही नाही. आपल्या बोरीवर चोरी करणारे पोरसुद्धा राखणदाराचा खोकला ओळखते.

अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ रस्त्यावर तिला गोळी लागली. दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. काही गावांत फटाके वाजले. दुसऱ्या दिवसापासून देशभर वाद पेटला. गोळी चालवली ती नेमलेल्या शिकाऱ्याने नव्हे, त्याच्या मुलाने. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नंतर आपल्या अहवालात कडक आक्षेप घेतले: सोबत पशुवैद्यक नव्हता, बेशुद्धीच्या बाणाविषयी शंका होत्या, रात्रीच्या वेळी घाई झाली. न्यायालयाच्या अवमानाचा अर्जही पडला, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण पुढे चालवले नाही. मादी बछडा डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचला नेला. मार्च २०२१ मध्ये त्याला मोकळे जंगल दिले आणि त्याच महिन्यात तो दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीतल्या जखमांनी मेला.

वाघिणीला मारणे बरोबर की चूक, या वादात मी आज शिरत नाही. माझा मुद्दा पथकाचा आहे. हे पथक वनखात्याचे होते, पोलिसांचे नव्हते, पण कोणत्याही हत्यारी पथकाला लागू पडतील अशा तीन गोष्टी तिथे उघड्या पडल्या. हत्यार कोणाच्या हातात आहे आणि ते कोणाच्या लेखी हुकुमाने, हे गोळी सुटण्याच्या आधी स्वच्छ असावे लागते. ते नसले की काम होऊनही बट्टा लागतो, आणि तो बट्टा गावालाही लागतो. दुसरे, सामान जितके जास्त तितके काम लवकर, असे होत नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पायवाट, पाणवठा, नाल्याचे वळण, कोणत्या झुडपात सावली दिवसभर टिकते, हे ज्याला ठाऊक तो गुराखी किंवा कोलाम पोडावरचा माणूस या मोहिमेच्या मध्यभागी हवा होता. तो कडेला उभा राहून तमाशा पाहत होता.

गडचिरोलीचे उदाहरण

याच्या उलट उदाहरण फार दूरचे नाही. आपल्याच विदर्भात, चंद्रपूरपलीकडे गडचिरोली आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून हा जिल्हा निघाला. तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग जंगलाचा. तिथे नक्षलवाद्यांचा जोर होता. बाहेरून येणारी पोलीस तुकडी जंगलात शिरली की आंधळ्या कोशिंबिरीसारखी चाचपडत असे. रस्ता माहीत नाही, गोंडी-माडिया बोली येत नाही, गावकरी तोंड उघडत नाही.

१९९० साली तिथले पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी एक साधी गोष्ट केली. जिल्ह्यातल्याच पोरांतून साठ जवान निवडले आणि त्यांचे पथक बांधले. साठ म्हणून नाव 'सी-६०'. यांत आदिवासी पोरे भरपूर. जी वाट बाहेरच्याला नकाशावर शोधावी लागते, ती यांनी लहानपणी मोहफुले वेचताना तुडवलेली. बोली घरची. पुढे या जवानांना देशातल्या मोठमोठ्या कमांडो शाळांतून शिक्षण मिळाले आणि पथक वाढत गेले, पण पाया तोच राहिला. पाठीवर शिधा घेऊन दिवसचे दिवस पायी चालणारी, तिथलीच माणसे.

त्याची किंमतही त्यांनी आणि तिथल्या इतर पोलिसांनी मोजली आहे. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन ठिकाणी मिळून ४८ पोलीस मारले गेले. त्यांत महिला पोलीसही होत्या. पुढे बाजू पालटली. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या जंगलात चकमकींत ४० नक्षलवादी ठार झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडे पडला. तो मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, वणी तालुक्यातल्या राजूरचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा मोठा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवून शरण आला. मेलेला कोणत्याही बाजूचा असो, त्याच्यामागे एक घर उघडे पडते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून शरण आलेले साठ मला मारलेल्या चाळिसांपेक्षा मोठे वाटतात.

पण एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली. खबर आली. कुरखेड्याचे शीघ्र प्रतिसाद पथक खाजगी गाडीत बसून तिकडे धावले. जांभूरखेड्याजवळ रस्त्यात सुरुंग पेरलेला होता. पंधरा जवान आणि गाडीचा चालक जागीच गेले. वाहने जाळणे हे आमिष होते. 'शीघ्र' या शब्दात जसा दिलासा आहे तसा धोकाही आहे. म्हणूनच कधी आपण फोन केल्यावर पथक लगेच येत नाही, वाटेत थांबते, उतरून पायी येते, तेव्हा "हे लोक भितात" असे म्हणण्याची घाई करू नका.

आणखी एक गोष्ट माझ्या खात्याच्या दृष्टीने नोंदण्यासारखी. गडचिरोलीत बंदुकीच्या जोडीला पोलिसांनी दूरच्या मदत केंद्रांवर 'दादालोरा खिडकी' उघडली. जातीचा दाखला, योजनेचा अर्ज, कार्ड, जे काम तालुक्याला चार खेपा घालून होत नाही ते तिथे होते. शेतकऱ्यांना कृषी सहलीवरही नेले जाते. तिथल्या जाणत्यांचे म्हणणे असे, की गाव बोलू लागले ते बंदुकीला भिऊन नव्हे, या खिडकीमुळे. मला ते पटते. पथक महिन्यातून एकदा येईल, खिडकी रोज उघडी असते.

अमेरिकेत याची दुसरी बाजू दिसते. लॉस एंजेलिस शहरात १९६०-७० च्या दशकाच्या अखेरीस 'स्वॉट' नावाचे खास पथक निघाले. ओलीस ठेवलेली माणसे सोडवणे, बंदूकधारी घरात दडला तर त्याला काढणे, अशा क्वचित कामासाठी. पुढे खेड्यांच्या जिल्ह्यांतही अशी पथके झाली, आणि क्वचित काम रोज कुठून आणणार? साध्या घरझडतीलाही दार फोडून हेच पथक जाऊ लागले. तिथे त्यावर मोठी टीका आहे. दांडपट्टा घरात आहे म्हणून त्याने भाजी चिरू नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

पथक आपल्या गावात आले तर

आता आपल्या उपयोगाचे. गावात वाघ शिरला असो, दोन गटांत दंगा पेटला असो, किंवा हत्यार घेऊन कोणी घरात दडून बसला असो, आपली पहिली चूक ठरलेली असते: सगळे गाव पाहायला धावते. पोरे झाडावर, बाया ओट्यावर, आणि हातात मोबाईल. वाघ झाडीत असतो तेव्हा भोवती हजार माणसांचे कडे पडले की त्याला पळायला वाट उरत नाही आणि पथकाला बाण मारायला जागा उरत नाही. अशा वेळी जखमी होतो तो बहुधा कड्यातलाच माणूस. पथकाचे फोटो आणि ते कुठे उभे आहे याची खबर मोबाईलवरून फिरवणे तर त्याहून वाईट. दडलेल्या माणसाजवळही मोबाईल असतो, हे विसरू नका.

पथकाशी गावाच्या वतीने एकाच माणसाने बोलावे. तो माणूस पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने हे काम त्याच्याकडेच आहे. पोलीस पाटील नसला तर सरपंच. त्याने सांगावयाच्या गोष्टी साध्या आहेत. कोणत्या वावरात, त्या वावराला वाट कुठून, विहीर उघडी आहे की कठड्याची, कुंपणात वीज सोडली आहे काय, कोणाच्या घरी म्हातारे, आजारी, बाळंतीण आहे. कुंपणातली वीज ही गोष्ट मुद्दाम सांगतो. रानडुकरांसाठी तार टाकणारे पुष्कळ आहेत. ते बेकायदेशीर आहे, आणि रात्री अंधारात चालणाऱ्या जवानाला ते ठाऊक नसते. त्या वेळी लाज धरून गप्प बसणे म्हणजे एखाद्याच्या जिवाशी खेळ.

जमावबंदी लागली तर ती पाळावी. पूर्वी आपण '१४४ लागले' म्हणत असू. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता ते कलम १६३ झाले आहे. कलम बदलले, अर्थ तोच.

मात्र आदर म्हणजे मुकाट्याने सारे सोसणे नव्हे. पथकाच्या अंगावर कितीही जाड जाकीट असले तरी कायदा त्यालाही आहे. घराची झडती घ्यायची तर गावातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत. नव्या कायद्याप्रमाणे झडतीचे चित्रण करणेही बंधनकारक आहे. जे नेले त्याची यादी घरच्या माणसाने मागून घ्यावी. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादाची वेळ आलीच तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. हे शांतपणे, हात जोडून विचारता येते. हुज्जत घालावयाची गरज नाही. चांगला अधिकारी अशा प्रश्नाने रागावत नाही.

वाघाच्या बाबतीत हुकूम पोलिसांचाही नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांचाही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वाघाला मारण्याचा आदेश फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तोही लेखी, कारणासह. म्हणून ठाण्यावर मोर्चा नेऊन "आजच्या आज गोळी घाला" म्हणण्यात दिवस वाया जातो. त्यापेक्षा हल्ला झालेल्या जागी गर्दी होऊ न देता पाऊलखुणा, रक्त, केस राखून ठेवावेत. कोणत्या वाघाने हल्ला केला हे त्यावरूनच ठरते, आणि आदेशाला बळ तिथूनच मिळते. खुणा तुडवल्या गेल्या की मग वर्षभर वाद चालतो. मृताच्या वारसाला आता २५ लाख रुपयांचे अर्थसाहाय्य आहे. त्यासाठीही त्याच दिवशीचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. दुःखाच्या घरात हे कागद पाहायला कोणी नसते, तेव्हा शेजाऱ्याने किंवा आमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याने पुढे व्हावे.

पथक येते ते आठ दिवसांसाठी, फार तर दोन महिन्यांसाठी. त्यानंतरच्या रात्री आपल्यालाच काढावयाच्या असतात. हरभऱ्याला, गव्हाला ओलित देण्यासाठी रात्री बारा वाजता मोटार सुरू करायला जाणारा माणूस हा वाघाला सापडणारा पहिला माणूस. म्हणून माझ्या मते पांढरकवडा भागातल्या प्रत्येक ग्रामसभेने शार्पशूटरच्या आधी दिवसाची वीज मागावी. सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. गावठाणाजवळ गायरान किंवा पडीक जमीन असेल तर ग्रामपंचायतीने ती देऊ करावी. वेचणीला घोळक्याने जावे, वाकून काम करताना एकाने उभे राहून नजर ठेवावी, कारण वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. गावाभोवतीची झुडपे दसऱ्याच्या आत काढावीत. मेलेले ढोर शिवारात उघडे टाकू नये. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत पोरांची प्राथमिक प्रतिसाद दले आहेत. वनखाते येईपर्यंत गर्दी आवरणे एवढेच त्यांचे मुख्य काम, पण ते काम करणारा गावचाच असला की लोक ऐकतात. टिपेश्वरच्या बाजूच्या प्रत्येक गावाने अशी चार-सहा पोरे नेमून वनपरिक्षेत्र कार्यालयात त्यांची नावे द्यावीत.

फोनचे दोन क्रमांक आहेत. पोलिसांसाठी ११२, वन्यप्राण्यासाठी वनखात्याचा १९२६. फोन लागल्यावर आधी गावाचे नाव, मग तालुका, मग खूण सांगावी. वरुड, पिंपरी, सावरगाव अशा नावांची गावे विदर्भात जागोजागी आहेत, आणि फोन उचलणारा माणूस दूरच्या शहरात बसलेला असतो. पोरांनी गमतीने ११२ लावू नये हे त्यांना एकदा समजावून सांगावे. हे दोन्ही क्रमांक गोठ्याच्या आणि विहिरीवरच्या खोलीच्या भिंतीवर चुन्याने मोठे लिहून ठेवा, म्हणजे ओलिताला गेलेल्या माणसालाही ते विजेरीच्या उजेडात दिसतील.